झालंय, पण कधी ते विचारू नका

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या जानव्याला बांधलेली असते. तरीही कुठलीही सूचना लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्यावर लाल शाईच्या खुणा उमटलेल्या असतात. लाल पेन काचेच्या आत कसं पोचतं, असं वॉचमनला विचारलं तर तो पंख्याकडे बघतो. पेन कुणाचं, हे मात्र डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. बाईंनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, पण चुका काही संपल्या नाहीत. तेव्हा बाईंनी आख्खी इमारत दत्तक घेतली.

या खेपेला भडका उडाला तो एका साध्या सूचनेवरून. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘द लिफ्ट हॅज बीन रिपेअर्ड यस्टरडे.’ बाईंनी ‘यस्टरडे’वर फुली मारली आणि समासात लिहिलं, ‘हॅज बीन घ्या नाहीतर यस्टरडे घ्या. दोन्ही मिळणार नाही.’

सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर थडकले. लिफ्टनेच गेले, म्हणजे पुरावा हजर होता.

“बाई, लिफ्ट कालच दुरुस्त झालीय. मी स्वतः दोन तास उभा होतो. कालच्या तारखेची पावती आहे माझ्याकडे.”

“असू द्या. व्याकरणात बसत नाही.”

“लिफ्टमध्ये बसता येतंय ना?”

“ते लिफ्टवाल्याचं काम. माझं नाही.”

प्रकरण कमिटीपुढे आलं आणि कमिटीने ते माझ्याकडे ढकललं. कारण काय, तर मी ‘लेखक’ आहे. आता मी लिहितो ते मराठीत, तेही दिवाळी अंकांत आणि तेही एखादी पान-जाहिरात आयत्या वेळी गळाली तर. पण हे सांगायची सोय नव्हती. आपल्याकडे एकदा माणसाला लेखक म्हटलं, की त्याला व्याकरण, कायदा, नवजात मुलांची नावं आणि श्रद्धांजलीचं भाषण हे सगळं येतं असं धरून चालतात. मी चष्मा पुसला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, “बघतो.” ज्या मराठी माणसाला काहीही येत नसतं तो ‘बघतो’ म्हणतो.

बघायला बसलो आणि पोटात गोळा आला. आमची पिढी पाचवीत इंग्रजी सुरू झालेली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आमच्या वेळी एबीसीडी आणि मिसरूड यांच्यात फारसं अंतर नसायचं. सरांनी काळ शिकवले ते एका तासात. ‘केलं’ असेल तर क्रियापदाचं दुसरं रूप. ‘केलं आहे’ असेल तर हॅव लावा. ‘केलं होतं’ असेल तर हॅड लावा. घंटा झाली, वर्ग सुटला. त्या दिवसापासून आम्ही मराठीत ‘आहे’ दिसलं की हॅव लावतोय आणि ‘होतं’ दिसलं की हॅड ठोकतोय.

त्यातल्या हॅडने तर मराठी माणसाची परदेशात फार परवड केली आहे. आपण सहज म्हणतो, काल महाबळेश्वरला गेलो होतो. संपलं, गेलो आणि आलो. पण ‘आय हॅड गॉन टू महाबळेश्वर यस्टरडे’ असं ऐकलं की इंग्रज कान टवकारून बसतो. त्याच्या भाषेत हॅड आलं म्हणजे पुढे आणखी काहीतरी घडलेलं असतं. तुम्ही गेला होतात, आणि मग? मागून घराला आग लागली? बायको निघून गेली? तो वाट बघतो. आपण स्ट्रॉबेरीचा डबा पुढे करतो. दोघांनाही समोरचा जरा विचित्र वाटतो.

संदर्भ म्हणून मी माळ्यावरून रेन अँड मार्टिन काढलं. या पुस्तकाच्या धाकाखाली भारतातल्या कित्येक पिढ्या गेल्या, पण त्यातला रेन कोण होता हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा गृहस्थ मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे 1924 साली त्याने ‘बो जेस्त’ नावाची कादंबरी लिहिली. फ्रान्सच्या परदेशी फलटणीतले शिपाई, वाळवंट, चोरीला गेलेलं रत्न, गोळीबार. तिच्यावर हॉलिवूडने सिनेमे काढले. म्हणजे हा माणूस एवढं रोमहर्षक लिहू शकत होता आणि आमच्या वाट्याला त्याने ठेवलं काय, तर हॅव आणि हॅज. हा दुजाभाव मला त्या माळ्याखाली स्टुलावर उभ्या उभ्या फार लागला.

शेवटी बाईंनाच शरण गेलो. बाईंनी चहा टाकला आणि विचारलं, “अमेरिकेचा व्हिसाचा फॉर्म भरलाय का कधी?”

भरला होता. मुलगा न्यू जर्सीत आहे, तेव्हा ते पुण्यकर्म आमच्याही हातून घडलं आहे. त्या डीएस-160 नावाच्या फॉर्ममध्ये ‘हॅव यू एव्हर’ची रांगच लागलेली असते. तुम्ही अमेरिकेत कधी आला आहात का? तुम्हाला व्हिसा कधी नाकारला गेलाय का? मग हळूहळू आवाज चढतो. तुम्ही कधी दहशतवादी कृत्य केलंय का? कधी वंशसंहारात भाग घेतलाय का? आमची ही शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला विचारत होती, “माहेरच्या लग्नात तुम्ही घातलेला गोंधळ यात धरायचा का?”

“तेच,” बाई म्हणाल्या. “हॅव यू एव्हर. म्हणजे आयुष्यात कधीतरी, आजपर्यंत. त्याला तारीख नको. पण एकदा ‘हो, अमेरिकेत आलोय’ म्हणालात, की लगेच तारीख विचारतात. तिथे परफेक्ट संपला. ‘कधीतरी’ला प्रेझेंट परफेक्ट, ‘कधी’ला सिंपल पास्ट. एवढंच आहे ते.”

एवढंच! पाचवीपासून जे माझ्या मानगुटीवर बसलं होतं ते चहाच्या अर्ध्या कपात उतरलं. तेव्हा मला कळलं, की हे इंग्रजांनी शोधलेलं काही नाही. आमचा वॉचमन ते अस्खलित बोलतो. सकाळी दूध घ्यायला खाली गेलो की तो कुजबुजतो, “साहेब, कळलं का? दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू पळून गेलेत.” हा झाला प्रेझेंट परफेक्ट. गेलेत, आता नाहीत, भाडं बुडालंय. आपण “आँ!” म्हटलं की तो काळ बदलतो. “काल रात्री साडेअकराला गेले. टेम्पो आणला होता. फ्रिज ठेवून गेले.” बातमी परफेक्टने फुटते आणि पास्टने तिला पाय फुटतात. बीबीसीचा निवेदकही हेच करतो. पहिल्या वाक्यात पंतप्रधानांनी राजीनामा दिलेला असतो, दुसऱ्यात तो किती वाजता आणि कुठे उभं राहून दिला ते येतं. फरक इतकाच, की बीबीसीवाला फ्रिजचं सांगत नाही.

मी निकाल कळवला: बाई बरोबर. पण हरला तर तो सेक्रेटरी कसला? दोन दिवसांनी ते वर आले ते थेट जर्मनी घेऊन. त्यांचे मेहुणे श्टुटगार्टला असतात.

“मेहुण्यांना विचारलं. जर्मनमध्ये ‘मी काल पाहिलं आहे’ खुशाल चालतं. फ्रेंचमध्येही चालतं. मराठीत तर चालतंच. ‘मी कालच अर्ज दिला आहे’, यात काय चूक आहे? मग इंग्रजांनाच काय धाड भरलीय?”

प्रश्न बिनतोड होता. जर्मन माणूस रोजच्या बोलण्यात हॅव लावून खुशाल ‘काल’ म्हणतो. फ्रेंचांनी तर बोलण्यातून साधा भूतकाळ जवळजवळ हद्दपारच केला आहे आणि सगळा कारभार हॅवच्या भावंडांवर सोपवला आहे. गंमत म्हणजे, इंग्रजीत ‘काल’ का चालत नाही या कोड्यावर 1992 साली ‘लँग्वेज’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात ‘द प्रेझेंट परफेक्ट पझल’ नावाचा निबंध लिहिणारा वोल्फगांग क्लाइन हा जर्मनच. साहजिक आहे. दुसऱ्याच्या घरातले विचित्र नियम पाहुण्यालाच आधी दिसतात. घरचे जन्मापासून चपला बाहेर काढत असतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही.

“म्हणजे मी जर्मन पद्धतीचं इंग्रजी लिहितो,” सेक्रेटरी म्हणाले.

“जर्मन पद्धतीने लिफ्टही चालवा मग,” बाई म्हणाल्या.

अशात माझा नातू न्यू जर्सीहून सुट्टीला आला. बाईंनी त्याला कौतुकाने लाडू पुढे केला. तो म्हणाला, “नो थँक्स, आय ऑलरेडी एट.” बाईंच्या हातातली ताटली थरथरली. विलायती इंग्रजीत ‘ऑलरेडी’ आलं की हॅव लागतं. ‘जस्ट’लाही लागतं, ‘येट’लाही लागतं. अमेरिकन माणूस मात्र “डिड यू ईट येट?” असं सरळ विचारून मोकळा होतो.

“बाळ, आय हॅव ऑलरेडी ईटन म्हणावं.”

“व्हाय? आय एट अ‍ॅट होम,” पोरगं म्हणालं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोस्टनच्या बंदरात तो चहा मीच ओतला होता. मग लाडू त्याच्या हातात कोंबून म्हणाल्या, “यांचं 1776 पासूनच सुटलंय.”

खरा घोटाळा मात्र नानांच्या सत्काराच्या वेळी झाला. तळमजल्यावरचे नाना सोसायटीचे सर्वांत जुने रहिवासी आणि वर्षानुवर्षांचे खजिनदार. वयाची ऐंशी झाली म्हणून सत्कार ठरला. सेक्रेटरी एव्हाना लाल पेनाला इतके घाबरले होते, की त्यांनी खबरदारी म्हणून सूचनेतले सगळे ‘हॅज’ काढून टाकले. ना रहेगा बांस! फलकावर लागलं, ‘नाना लिव्हड अमंग अस फॉर थर्टी इयर्स अँड सर्व्हड द सोसायटी विथ डिव्होशन. मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू गॅदर अ‍ॅट हिज रेसिडेन्स अ‍ॅट फाइव्ह.’

पाच वाजता नानांच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली. बहुतेकांच्या अंगात पांढरे कपडे, चेहरे उतरलेले. चौथ्या मजल्यावरचे जोशीबुवा रुमाल डोळ्यांना लावूनच जिना उतरले होते. दार नानांनीच उघडलं. अंगात गंजीफ्रॉक, हातात शब्दकोडं. गर्दी बघून त्यांचाही चेहरा उतरला.

“कोण गेलं हो?” नानांनी दबल्या आवाजात विचारलं.

कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

“थांबा, शर्ट चढवून आलोच,” म्हणून नाना आत गेले.

बाईंचा संताप त्या दिवशी जिन्यातून ऐकू येत होता. ‘हॅज लिव्हड’ म्हणजे राहताहेत, माणूस अजून आहे. नुसतं ‘लिव्हड’ म्हणजे राहायचे बिचारे. भाषाशास्त्रात याचं एक गाजलेलं उदाहरण आहे आणि बाईंनी ते त्याच ठिकाणी, नानांच्या उंबऱ्यावर, सगळ्या पांढऱ्या कपड्यांना समजावलं. आइनस्टाइनने प्रिन्स्टनला भेट ‘दिली आहे’ असं आज इंग्रजीत म्हणता येत नाही, कारण आइनस्टाइन 1955 सालीच गेले. पण तेच वाक्य उलटवून, प्रिन्स्टनला आइनस्टाइनची भेट ‘मिळाली आहे’ असं म्हटलं तर चालतं. कारण गाव अजून जागेवर आहे.

“म्हणजे मी गेलो तरी सोसायटीला माझी सेवा मिळालेली राहील,” नाना म्हणाले. ते खजिनदार होते, शिल्लक काय राहते तेवढं त्यांना लगेच कळतं.

आणि मग लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आत सेक्रेटरी, बाई आणि मी. सेक्रेटरींनी घामाघूम होत लिफ्टच्या कंपनीकडे मोबाइलवरून तक्रार नोंदवली. क्षणात संदेश आला: ‘युवर कम्प्लेंट हॅज बीन रजिस्टर्ड.’ आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्या वेळाने दुसरा आला: ‘युवर कम्प्लेंट हॅज बीन रिझॉल्व्हड.’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बंद दाराकडे पाहिलं.

“वाक्य निर्दोष आहे,” बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी कस्टमर केअरला फोन लावला आणि स्पीकरवर ओरडले, “व्हेन हॅज इट बीन रिझॉल्व्हड?”

“व्हेन वॉज इट!” बाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. “व्हेन आलं की परफेक्ट चालत नाही!”

“बाई, मी गुदमरतोय!”

“तरीही!”

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, आमच्या सिस्टिममध्ये हॅज बीन रिझॉल्व्हड दाखवतंय.”

त्या अंधाऱ्या पेटीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगातल्या तमाम कंपन्या, बँका आणि कचेऱ्या या एकाच काळात का बोलतात ते कळलं. तुमची तक्रार नोंदवली गेली आहे. तुमची विनंती पुढे पाठवली गेली आहे. तुमचे पैसे परत केले गेले आहेत. सिंपल पास्ट वापरला, की कधी ते सांगावं लागतं, आणि कधी ते सांगितलं की माणूस कॅलेंडर काढून बसतो. परफेक्टमध्ये ‘कधी’ विचारायलाच बंदी. ग्राहकाने विचारलं तर व्याकरणच त्याच्या तोंडावर हात ठेवतं. एवढी भक्कम तटबंदी कुठल्याही वकिलाला बांधता आली नसती.

सेक्रेटरींनी मग आपला देशी मार्ग पत्करला. ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. “साहेब, आलो आलो!” तो म्हणाला. मागे कल्याण स्टेशनवरची उद्घोषणा चालू होती. आमच्या भाषेचा हा मोठेपणा बाईंनाही तिथे मान्य करावा लागला. इंग्रजाचा साधा भूतकाळ म्हणजे कुलूप लावून किल्ली फेकून दिलेली खोली. आमचा माणूस ‘आलो’ म्हणतो तेव्हा त्याने अजून चप्पलसुद्धा घातलेली नसते. ‘निघालो’ म्हणजे आंघोळीला चाललो. ‘पोचलोच’ म्हणजे निघालो. आणि ‘मेलो!’ असं तर आम्ही धडधाकट जिवंतपणी, पायावर पाटा पडल्याबरोबर ओरडतो.

तो आला. कधी, ते सिंपल पास्टमध्ये सांगतो: पावणेदोन तासांनी आला. बाई बाहेर पडल्या त्या सरळ फलकाकडे गेल्या.

या सगळ्याला कंटाळून कमिटीने ठराव केला, की यापुढे सर्व सूचना मायबोलीत. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. पहिली मराठी सूचना लागली: ‘गच्चीवरील पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात आली आहे.’ हॅव नाही, हॅज नाही, ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मुद्दाम खाली जाऊन उभे राहिलो. वाक्याला कुठेही फुली नव्हती. खाली फक्त दोन शब्द होते, लाल शाईत: ‘कोणी? कधी?’

“बाई, आता मराठीतसुद्धा?” सेक्रेटरी कळवळले.

“मराठीत तरी विचारता येतं ना,” बाई म्हणाल्या. “सांगा.”

सेक्रेटरींनी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरने वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने नेहमीप्रमाणे पंख्याकडे पाहिलं. नाना तेवढे वहीत काहीतरी लिहीत होते. टाकी धुतल्याचे पैसे दोनदा दिले गेलेत, आणि दोन्ही वेळच्या तारखा त्यांच्याकडे आहेत, असं नंतर कळलं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. टाकीचा खुलासा त्या सभेत ‘करण्यात येईल’ असं सेक्रेटरींनी लेखी दिलं आहे. नातवाने हट्ट धरला म्हणून सूचनेखाली इंग्रजी अनुवादही जोडणार आहेत, आणि त्यात ‘शॅल’ लिहायचं की ‘विल’ याचा निकाल कमिटीने माझ्यावर सोपवला आहे. मी “बघतो” म्हटलंय. सभेच्या दिवशी मी महाबळेश्वरला गेलेलो असेन.